उपचार कुठे थांबवायचे? ख्रिस्ती नीतिविचारासमोरचा एक अवघड प्रश्न

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पहिल्या एकोणीस शतकांत कोणापुढे उभाच राहिला नाही. आजारी माणूस बहुधा घरीच असे, धर्मगुरू येऊन तेल लावून प्रार्थना करत आणि मृत्यू त्याच्या वेळेला येई. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडत चाललेल्या रुग्णांच्या गळ्यात नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबत त्यांना तासन् तास हवा पुरवली गेली. त्या धडपडीतून अतिदक्षता विभाग जन्माला आला, आणि पुढच्या पाच वर्षांत त्यातला नैतिक पेच व्हॅटिकनपर्यंत पोहोचला. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे भूलतज्ज्ञ ब्रुनो हाइड यांनी पोप बारावे पायस यांना विचारले की, मेंदूला जबर इजा झालेली आहे, शुद्ध येण्याची आशा उरलेली नाही, श्वास केवळ यंत्रावर चालू आहे, अशा वेळी यंत्र लावलेच पाहिजे का, आणि लावलेले काढता येते का?

२४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोपनी दिलेले उत्तर आजही अनेकांना वाटते त्यापेक्षा मोकळे आहे. रुग्णावर आणि त्याची काळजी घेणाऱ्यांवर बंधन आहे ते फक्त साधारण उपचारांचे. माणूस, ठिकाण, काळ आणि संस्कृती लक्षात घेता ज्यांचा स्वतःवर किंवा दुसऱ्यावर जबर भार पडत नाही, ते साधारण. त्यापलीकडचे उपचार घ्यायला मोकळीक आहे, सक्ती नाही. रुग्णाच्या संमतीवाचून डॉक्टरला स्वतंत्र असा अधिकार नाही. कुटुंबाला भार पेलेनासा झाला तर यंत्र काढा म्हणणे रास्त आहे आणि डॉक्टरने ते ऐकणेही रास्त आहे. मृत्यू नेमका कधी झाला हे ठरवणे मात्र चर्चचे नव्हे, वैद्यकाचे काम आहे.

जीवन पवित्र आहे, म्हणून ते उपलब्ध असेल त्या प्रत्येक साधनाने लांबवलेच पाहिजे, अशी ख्रिस्ती शिकवण असल्याचा समज ख्रिस्ती कुटुंबांतही सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे, आणि त्या समजापायी असंख्य माणसांचे शेवटचे दिवस नळ्यांच्या गराड्यात, आप्तांपासून दूर गेले आहेत. बारावे पायस काही नवे सांगत नव्हते. त्यांच्या उत्तरामागे चारशे वर्षांचा विचार उभा होता.

सोळाव्या शतकात स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया हे डोमिनिकन धर्मशास्त्रज्ञ शिकवत. अन्नावरची वासनाच उडालेल्या, घास घ्यायचा म्हटले तरी यातना होणाऱ्या आजाऱ्याने जेवण नाकारले तर ते पाप का, हा प्रश्न त्यांनी हाताळला. त्यांचे उत्तर होते, नाही. वैद्याने कोंबडी खायला सांगितली, पण ती परवडत नाही, तर साध्या अन्नावर राहिल्याने आयुष्य घटले तरी त्या माणसाला दोष नाही. त्याच विद्यापीठातले दोमिंगो दे सोतो यांनी पाय कापण्याचे उदाहरण घेतले. भूल नसलेल्या त्या काळात शस्त्रक्रियेच्या वेदना इतक्या भयंकर होत्या, की जीव वाचवण्यासाठी त्या सोसायलाच हव्यात असे कोणालाही बजावता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली आणि ते उदाहरण कालबाह्य झाले. पण त्यामागची रीत शिल्लक राहिली. उपचार साधारण की असाधारण हे यंत्राच्या नावावरून ठरत नाही. या रुग्णाला, या परिस्थितीत त्यातून काय मिळणार आणि त्यापायी काय सोसावे लागणार, यावरून ठरते. न्यूमोनिया झालेल्या तरुणासाठी चार दिवसांचा व्हेंटिलेटर हे कर्तव्य असू शकते, आणि शरीरभर कर्करोग पसरलेल्या वृद्धासाठी तोच व्हेंटिलेटर अनावश्यक. म्हणूनच १९८० मध्ये व्हॅटिकनने दयामरणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात उपचार प्रमाणात आहेत की प्रमाणाबाहेर, अशी भाषा पसंत केली. कुटुंबावर किंवा समाजावर पडणारा खर्चाचा अवाजवी भार हे उपचार नाकारण्याचे रास्त कारण असू शकते, असेही त्यात आहे. धर्माच्या दप्तरात पैशाचा हिशेब इतक्या उघडपणे मान्य व्हावा, ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

याच विचारधारेने एक रेघ मात्र ठाम ओढली. मृत्यूला वाट मोकळी करून देणे वेगळे, आणि मृत्यू घडवून आणणे वेगळे. तेराव्या शतकात थॉमस अॅक्विनास यांनी स्वसंरक्षणाची चर्चा करताना म्हटले होते की, एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, एक हेतूतला आणि दुसरा हेतूबाहेरचा. पुढे त्यातून द्विपरिणामाचे तत्त्व आकाराला आले. वेदना शमवण्यासाठी मॉर्फिन दिले आणि त्याने आयुष्य काहीसे कमी झाले, तरी हेतू वेदनाशमनाचा असेल आणि दुसरा उपाय नसेल तर ते गैर नाही, असे बारावे पायस यांनी फेब्रुवारी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांना सांगितले होते. तेच मॉर्फिन माणूस संपवण्यासाठी एकदम मोठ्या मात्रेत दिले, तर ती हत्या. हेतू बाहेरून दिसत नाही, म्हणून हे तत्त्व पळवाट आहे, अशी टीका होते. टीकेत तथ्य आहे, पण ती वाटते तितकी भेदक नाही. हेतूच्या खुणा डॉक्टरच्या वागण्यात उमटतात. वेदना शमवू पाहणारा डॉक्टर मात्रा पायरीपायरीने वाढवतो, रुग्णाला आराम पडला की थांबतो. शिवाय योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनमुळे मृत्यू सहसा लवकर येत नाही, हा वेदनाशमन करणाऱ्या वैद्यकाचा अनुभव आहे.

या विचाराची खरी कसोटी लागली ती अमेरिकेत. एप्रिल १९७५ मध्ये न्यू जर्सीतली कॅरन अॅन क्विनलन ही २१ वर्षांची तरुणी बेशुद्ध पडली आणि पुन्हा शुद्धीवर आली नाही. तिचे आईवडील श्रद्धाळू कॅथॉलिक. त्यांनी आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घेतला. आशा नसताना व्हेंटिलेटर हे असाधारण साधन आहे, ते काढण्यास धर्माची आडकाठी नाही, असे त्यांना सांगण्यात आले. डॉक्टर तयार होईनात, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. तिथल्या कॅथॉलिक बिशपांनी आईवडिलांची बाजू घेतली आणि ३१ मार्च १९७६ रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. व्हेंटिलेटर निघाला, आणि कोणाच्या ध्यानीमनी नव्हते ते घडले. कॅरन स्वतः श्वास घेऊ लागली. ती आणखी नऊ वर्षे जगली, जून १९८५ मध्ये न्यूमोनियाने गेली. त्या नऊ वर्षांत तिला नळीतून अन्न दिले जात होते आणि ते थांबवण्याची मागणी आईवडिलांनी कधीही केली नाही. तिचा मृत्यू हा त्यांचा हेतू नव्हता, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण. श्वासाचे यंत्र तिला नकोसा भार वाटले असते, अन्न हा त्यांच्या दृष्टीने भार नव्हता.

ही अन्नाची नळीच पुढे सर्वांत मोठा वाद घेऊन आली. नळीतून दिलेले अन्नपाणी हा उपचार मानायचा, की तहानलेल्याला पाणी देण्यासारखी साधी सेवा? उपचार मानला तर परिस्थितीनुसार थांबवता येतो. सेवा मानली तर थांबवणे म्हणजे उपाशी मारणे. मार्च २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी दुसऱ्या बाजूला कौल दिला. दीर्घकाळ अचेतन अवस्थेत असलेल्या रुग्णालाही नळीतून अन्नपाणी देणे तत्त्वतः साधारण साधन आहे, त्यामुळे ते कर्तव्य आहे, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर वर्षभरातच फ्लोरिडातल्या टेरी शायव्हो या कॅथॉलिक स्त्रीवरून साऱ्या अमेरिकेत रणकंदन माजले. १९९० पासून ती अचेतन होती. नळी काढावी असे पतीचे म्हणणे, काढू नये असे आईवडिलांचे. न्यायालयाच्या आदेशाने १८ मार्च २००५ रोजी नळी काढली गेली आणि ३१ मार्चला ती गेली. आदल्याच दिवशी व्हॅटिकनने जाहीर केले होते की, खुद्द पोपना नाकातल्या नळीतून अन्न दिले जात आहे. २ एप्रिलला त्यांचे निधन झाले, तेही रुग्णालयात न जाता, आपल्याच निवासस्थानी.

अमेरिकी बिशपांनी विचारलेल्या प्रश्नांवर २००७ मध्ये व्हॅटिकनने नियमाला अपवाद जोडले. शरीर अन्न पचवूच शकत नसेल, नळीमुळे रुग्णाला मोठा त्रास होत असेल, किंवा दुर्गम, अतिशय गरीब भागात ती सोय करणेच अशक्य असेल, तर बंधन राहत नाही. तरीही अनेक कॅथॉलिक धर्मशास्त्रज्ञांचे समाधान झालेले नाही. चारशे वर्षांची परंपरा प्रत्येक साधन रुग्णाच्या भाराच्या ताजव्यात तोलत आली. मग एकच साधन त्या ताजव्यातून जवळजवळ बाहेर का काढायचे, हा त्यांचा सवाल आहे. तो बिनतोड आहे. स्वतः व्हितोरियांनी तर तोंडाने घेतलेले अन्नही तोलले होते.

मुंबईने याच प्रश्नाची एक वेगळी बाजू पाहिली आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. मेंदूचा प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि त्या पुढची ४० हून अधिक वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणावर राहिल्या. त्यांचे अन्न थांबवण्याची परवानगी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली आणि त्याच निकालात काटेकोर अटींवर उपचार थांबवण्याची वाट देशात पहिल्यांदा मोकळी केली. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, कारण परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना हाताने मऊ अन्न भरवले होते, कूस बदलली होती, इतक्या वर्षांत अंगाला बेडसोर होऊ दिला नव्हता. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. हे प्रकरण ख्रिस्ती नव्हे, पण त्यात उमटलेली भावना ख्रिस्ती नीतिविचाराच्या फार जवळची आहे. माणूस काही करू शकत नाही, बोलू शकत नाही, म्हणून त्याची किंमत कमी होत नाही, आणि त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार जो त्याच्या उशाशी राहिला त्याचा अधिक.

उपचार तोलण्याचे हे तत्त्व प्रत्यक्षात कसे चालते, याचे अगदी अलीकडचे उदाहरण पोप फ्रान्सिस यांचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते दोन्ही फुप्फुसांच्या न्यूमोनियाने रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात होते. २८ फेब्रुवारीला श्वास कोंडला. थांबून त्यांना जाऊ द्यायचे, की इतर अवयवांना धोका असूनही सगळी औषधे वापरायची, असा प्रसंग डॉक्टरांपुढे होता, हे त्यांच्यावर उपचार करणारे सर्जिओ आल्फिएरी यांनी नंतर मुलाखतीत सांगितले. पोपची काळजी घेणाऱ्या परिचारकाने प्रयत्न सोडू नका असे सांगितले. पोप वाचले आणि घरी परतले. २१ एप्रिलच्या पहाटे मेंदूत आघात झाला, ते बेशुद्ध झाले. या वेळी त्यांना रुग्णालयात हलवले नाही. नेताना वाटेतच प्राण जाण्याची भीती होती, तपासणीतून निदानापलीकडे काही मिळणार नव्हते, आणि घरीच मरण यावे ही त्यांची इच्छा ठाऊक होती. सात आठवड्यांच्या अंतराने एकाच माणसाबाबत दोन उलट निर्णय झाले आणि दोन्ही त्याच परंपरेत चपखल बसतात.

प्रॉटेस्टंट पंथांत अशी एकसंध परंपरा नाही. तिथे बायबल आणि व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी यांवर भर, आणि व्हेंटिलेटरविषयी बायबल बोलत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचे धर्मगुरू जोसेफ फ्लेचर यांनी परिस्थितिनिष्ठ नीतीचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. प्रेम हा एकच नियम अबाधित, बाकी सारे परिस्थितीनुसार, असा त्यांचा दावा होता आणि त्यात दयामरणालाही जागा होती. मेथडिस्ट विचारवंत पॉल रॅम्झी यांनी त्याला कडाडून विरोध केला. नियमांचा आधार काढून घेतला तर दुबळा रुग्ण बलवानांच्या प्रेमाच्या व्याख्येवर सोडला जातो, अशी त्यांची धास्ती होती. पण मरणोन्मुख माणसावर उपचारांचा मारा करणेही त्यांना अमान्य होते. बरे करण्याचे प्रयत्न संपतात तिथे सोबत सुरू होते, असा त्यांचा आग्रह. हा वाद अजून मिटलेला नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने २० जून २०२५ रोजी मरणासन्न रुग्णांना मृत्यूसाठी वैद्यकीय मदत देणारे विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केले, तेव्हा चर्च ऑफ इंग्लंडचा त्याला विरोध होता. पण त्याच चर्चचे माजी आर्चबिशप जॉर्ज केरी अनेक वर्षे अशा कायद्याच्या बाजूने बोलत आले आहेत. कॅनडातल्या युनायटेड चर्चनेही तिथल्या अशाच कायद्याला तत्त्वतः विरोध केलेला नाही.

वादाचा गाभा आयुष्य कोणाचे, या प्रश्नात आहे. मराठी वाचकाला जैन परंपरेतली सल्लेखना परिचित आहे. १९६६ मध्ये सावरकरांनी केलेले प्रायोपवेशन आणि १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी केलेला अन्न-औषधांचा त्याग आठवणीत आहे. कार्य पूर्ण झाले म्हणून देह स्वेच्छेने ठेवावा, हा विचार इथल्या परंपरेत आदराने पाहिला जातो. ख्रिस्ती परंपरेला तो मान्य होत नाही. तिच्या दृष्टीने देह ही देवाने सोपवलेली ठेव आहे. ती सांभाळायची, वाट्टेल ते करून लांबवायची नाही, आणि आपण ठरवलेल्या मुहूर्तावर परतही करायची नाही. दयामरणाचे समर्थक म्हणतात की, ही श्रद्धा ज्याची नाही त्याच्यावर ती का लादायची? या प्रश्नावर धर्माचे उत्तर पुरेसे होत नाही, आणि ख्रिस्ती विचारवंतांनाही ते कळते. म्हणून ते समाजहिताचा मुद्दा पुढे करतात. कॅनडात २०१६ मध्ये कायदा आला तो मृत्यू जवळ आलेल्यांसाठी. २०२१ मध्ये मृत्यू नजीक नसलेल्या रुग्णांनाही तो लागू झाला. अपंगांच्या संघटनांनीच त्यावर हरकत घेतली. आधार द्यायचा सोडून मरणाची सोय पुढे केली जाईल, ही त्यांची भीती धर्माशी संबंधित नाही, आणि ती उडवून लावण्यासारखी तर मुळीच नाही.

कायदा बदलला की चर्चच्या संस्थांपुढे पेच उभा राहतो. बेल्जियममध्ये ब्रदर्स ऑफ चॅरिटी या कॅथॉलिक संघाशी जोडलेल्या संस्थेने आपल्या मनोरुग्णालयांत दयामरणाला परवानगी देण्याचे २०१७ मध्ये ठरवले. तीन वर्षांच्या वाटाघाटी निष्फळ ठरल्या आणि २०२० मध्ये व्हॅटिकनने ती रुग्णालये यापुढे कॅथॉलिक मानली जाणार नाहीत असे जाहीर केले. मानसिक आजारात मरणाची इच्छा हेच आजाराचे लक्षण असू शकते, त्यामुळे इथे व्हॅटिकनची भूमिका पटण्यासारखी आहे.

पण नकार देणाऱ्यावर एक जबाबदारी येते. वेदनेने तळमळणाऱ्याला मरू देणार नाही असे म्हणायचे आणि वेदना शमवायचीही सोय करायची नाही, हे नीतीचे नाव घेऊन केलेले क्रौर्य ठरेल. याला सर्वांत भरीव उत्तर दिले ते परिचर्या, समाजकार्य आणि मग वैद्यक अशा तिन्ही वाटा चाललेल्या सिसिली सॉन्डर्स या श्रद्धाळू अँग्लिकन स्त्रीने. १९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये तिने सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी मॉर्फिन तोंडाने द्यायचे, शरीराच्या दुखण्याबरोबर भीती, एकटेपणा, घरच्यांची काळजी यांकडेही पाहायचे, ही तिची पद्धत जगभर पसरली. भारतात अशा सेवेची सुरुवात मुंबईत झाली. टाटा स्मारक रुग्णालयाशी संबंधित कर्करोग शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन उभे राहिले. बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या रुग्णांची तिथे जातधर्म न पाहता, विनामूल्य शुश्रूषा होते. गोव्यात लोटली येथेही सदनाची शाखा आहे. अडचण औषधाचीच राहिली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या जाचक परवान्यांमुळे रुग्णालये मॉर्फिन ठेवायलाच धजत नसत. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तरी गावपातळीवरच्या कर्करुग्णाला त्याचा लाभ अजून पुरेसा पोहोचलेला नाही.

भारतात प्रश्नाचे रूप पाश्चात्त्य देशांपेक्षा वेगळे आहे. तिथे बऱ्याच अंशी विमा किंवा सरकार खर्च उचलते, इथे बऱ्याचदा शेत किंवा दागिने विकून अतिदक्षता विभागाचे बिल भरले जाते. दुसरीकडे, पैसे संपले की नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज घेऊन रुग्णाला घरी नेतात, वेदनाशामक औषधाची चिठ्ठीही हातात नसते. पहिल्या कुटुंबाला ख्रिस्ती परंपरा सांगेल की, मुलांच्या तोंडचा घास काढून हे करणे तुमच्यावर बंधनकारक नव्हते. दुसऱ्या कुटुंबाबाबत दोष ती कुटुंबाला देणार नाही, सोय न करणाऱ्या समाजाला देईल.

निर्णय कोणी घ्यायचा, याची कायदेशीर बाजू आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला वैधता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये किचकट प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे ते साक्षांकित करता येते. वेळ आल्यावर तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे शक्यतो ४८ तासांत आपला निर्णय देतात. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून गोव्यात त्याची सुरुवात केली. कॅथॉलिक व्यक्तीलाही असे इच्छापत्र करता येते. प्रमाणाबाहेरचे उपचार आगाऊ नाकारण्याची मुभा व्हॅटिकनने मरणासन्न रुग्णांच्या काळजीविषयी २०२० मध्ये काढलेल्या पत्रातही आहे. मृत्यू घडवून आणण्याची मागणी मात्र त्यात लिहिता येत नाही. इच्छापत्र लिहिताना अन्नाच्या नळीचा रकाना सर्वांत जास्त विचार करून भरावा लागतो, आणि आपल्या वतीने बोलण्यासाठी कोणाचे नाव द्यायचे, ते त्या माणसाशी आधी बोलून ठरवावे लागते.